पावसाळ्याआधीची कामं: सिंहगड रस्त्यावरच्या बारा घरांच्या इमारतीच्या प्रकल्प नोंदी

८ एप्रिल. पाहणी आणि कामांचा क्रम

तळमजला आणि वर तीन मजले, मजल्याला तीन सदनिका. गच्ची २४० चौरस मीटर. मागच्या भिंतीला लागून नाला, मुठा अर्ध्या किलोमीटरवर.

पुण्यात घराला त्रास देणारं पाणी तीन वाटांनी येतं, आणि तिन्हींची पूर्वसूचना वेगवेगळी. वळवाचा पाऊस वाऱ्यासकट येतो, ढग दिसल्यापासून हातात मिनिटं असतात. ओढ्या-नाल्याचं पाणी चढायला तासभरही लागत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी, सहकारनगर भागात हेच केलं आणि वीसहून अधिक माणसं गेली. नदीचं पाणी धरणाच्या विसर्गाने वाढतं, त्याची आगाऊ सूचना मिळते, पण ती रात्री झोपेत मिळाली तर उपयोग शून्य. २५ जुलै २०२४ ला पहाटे खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या (सेकंदाला इतके घनफूट) आसपास विसर्ग झाला तेव्हा एकता नगरीतली माणसं जागी झाली ती पाणी दारात आल्यावर. यादी करताना प्रत्येक कामापुढे ते कोणत्या पाण्यासाठी आहे हे लिहिलं, म्हणजे काय आधी करायचं याचा वाद उरत नाही.

मुदत २० मे. पुण्यात मान्सून जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो असं धरून लोक मेअखेर गवंडी शोधतात. २०२५ मध्ये तो २६ मे लाच येऊन ठेपला आणि अर्धवट सोललेल्या गच्च्या तशाच भिजल्या. ज्या कामांना कोरडे दिवस लागतात ती पहिल्यांदा: गच्ची, बाहेरच्या भिंतींच्या भेगा, खिडक्या. वीज, टाक्या, दाराच्या फळ्या नंतर केल्या तरी चालतात.

१२ एप्रिल. गच्ची: पाणी भरून चाचणी

ओल कुठून येते हे छतावरचा डाग बघून ठरवू नये. कोब्याच्या, म्हणजे स्लॅबवरच्या उताराच्या थरात शिरलेलं पाणी उताराने दोन-तीन मीटर सरकतं आणि स्लॅबला जिथे फट असेल तिथे उतरतं. डागाच्या बरोबर वर डांबर फासणारे म्हणूनच दरवर्षी फासत बसतात.

गच्चीचे चार भाग केले, मध्ये मातीचे बांध. पाइपाचं तोंड गोणपाट आणि चिकणमातीने बंद. उताराच्या उंच बाजूला इंचभर पाणी उभं राहील इतकं भरायचं. एका भागाला साधारण ३,३०० लिटर लागतात. एका भागाची चाचणी झाली की तेच पाणी छोट्या पंपाने पुढच्या भागात ओढायचं, एप्रिलमध्ये टँकरचं पाणी चार वेळा भरणं परवडत नाही. एक भाग ४८ तास.

एक गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते. पुण्याच्या एप्रिलात उन्हाने पाणी रोज अर्धा ते एक सेंटीमीटर आटतं. म्हणून भरलेली बादली त्याच उन्हात ठेवायची आणि तिच्यातली घट वजा करायची. गच्चीवरची घट बादलीपेक्षा जास्त असेल तरच गळती.

२० एप्रिल. गच्ची: निकाल आणि दुरुस्ती

चारपैकी दोन भागांत गळती. एका ठिकाणी कठडा आणि कोबा यांच्या सांध्यात, दुसऱ्या ठिकाणी सौर बंबाच्या लोखंडी पायांभोवती. दोन्ही नेहमीच्याच जागा. कठडा आणि कोबा उन्हाने वेगवेगळे फुगतात, आणि काटकोनातला वाटा (सांध्यावरची सिमेंटची पट्टी) दोन-तीन उन्हाळ्यांत सुटतो.

सांध्यातला जुना वाटा पूर्ण फोडला. नुसत्या वरून लावलेल्या मालाखाली पोकळ जागा राहते आणि पाणी तिथेच साठतं. फट इंग्रजी व्ही आकारात १० मिमी रुंद, १० मिमी खोल कोरली, तारेच्या ब्रशने धूळ काढली, पाणी शिंपडून ओलसर केली. लॅटेक्स मिसळलेली सिमेंटची लापशी ब्रशने आत जिरवून तिच्यावर, ती ओली असतानाच, एकास तीन सिमेंट-वाळूचा लॅटेक्सयुक्त माल. वाटा गोल, तीन इंची. सात दिवस गोणपाट ओलं ठेवून पाणी मारायचं.

सौर बंबाचे पाय कोब्यात घुसवलेले होते. ते काढून कोब्यावर सिमेंटचे ठोकळे ओतले आणि पाय त्या ठोकळ्यांत बोल्टने बसवले. यामुळे बंब वाऱ्यातही पक्का राहतो.

लेपाचं काम याच्या नंतर, माल पूर्ण वाळल्यावर. अॅक्रिलिकचे दोन हात, एकमेकांना आडवे, सांध्यांवर मध्ये फायबरची जाळी. वेळ सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर. भर दुपारी तापलेल्या कोब्यावर लेप पकड घेण्याआधीच सुकतो आणि पापुद्र्यासारखा निघतो. ओलसर कोब्यावर लावला तर अडकलेली वाफ फोड आणते. वारंवार दिसणारे हे दोन दोष मालाचे नसतात, वेळेचे असतात.

२८ एप्रिल. पावसाचे पाइप

गच्चीला ११० मिमीचे चार पाइप. शंभर मिमी व्यासाचा उभा पाइप ताशी ७५ मिमी पावसात सुमारे ५७ चौरस मीटरचं पाणी वाहून नेतो, हे आपल्याकडच्या बांधकाम संहितेतलं कोष्टक. चार पाइप मिळून २२८. म्हणजे सगळे मोकळे असले तरी जोरदार सरीत गच्ची जेमतेम रिकामी होते, आणि एक तुंबला की पाणी चढणारच. २४० चौरस मीटरवर १० सेंटीमीटर पाणी म्हणजे २४ टन वजन. स्लॅबवर ते नको, आणि जिन्याच्या खोलीच्या उंबऱ्यावरून आत तर मुळीच नको.

उपाय दोन. तोंडावरच्या सपाट जाळ्या काढून घुमटाकार बसवल्या. सपाट जाळीवर एक प्लास्टिकची पिशवी किंवा पिंपळाची चार पानं बसली की ती बंद होते. घुमटाला बाजूनेही पाणी घेता येतं. दुसरं, कठड्यातून प्रत्येक बाजूला ७५ मिमीची एक जादा तोटी काढली, पाइपाच्या तोंडापेक्षा तीन इंच उंच आणि जिन्याच्या उंबऱ्यापेक्षा तीन इंच खाली. या तोटीतून पाणी पडताना दिसलं की मुख्य पाइप तुंबला, हे खाली अंगणात उभ्या माणसालाही कळतं.

पाइपाच्या खालच्या टोकाकडेही बघितलं. दोन पाइप सांडपाण्याच्या चेंबरमध्ये सोडलेले निघाले. जुन्या इमारतींत हे सर्रास दिसतं. मोठ्या पावसात गच्चीचं सगळं पाणी ड्रेनेज लाइनीत कोंडतं आणि तळमजल्याच्या संडासातून, नहाणीतून वर येतं. तळमजल्यावरची मंडळी महापालिकेची लाइन तुंबली म्हणून तक्रार करत राहतात आणि पाणी असतं स्वतःच्याच गच्चीचं. दोन्ही पाइप तोडून पावसाळी चेंबरला जोडले.

२ मे. वारा: पत्रे, टाक्या, कुंड्या

भारतीय मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा आधारभूत वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. त्या वेगाला दर चौरस मीटरवर सुमारे ९३ किलोचा दाब येतो. दहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद पत्र्यावर तो ३०० किलो होतो. वेग निम्मा झाला की जोर चौथाईवर येतो, तरी वळवाच्या ताशी ७० किलोमीटरच्या झोताने तोच पत्रा ७५ किलोने उचलला जातो. पत्र्याचं स्वतःचं वजन पंधरा-वीस किलो. विटा ठेवून पत्रा थांबत नाही, उलट विटाही खाली येतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा इतक्या आत पुण्यातही झाडं आणि पत्रे पडले होते.

गच्चीवरच्या शेडचे गंजलेले जे-हुक बदलले. कडेच्या रांगेत एकाआड एक पन्हळीला हुक, मधल्या रांगांत दर तिसऱ्या. वाऱ्याची ओढ कडांना आणि कोपऱ्यांना सर्वांत जास्त असते, म्हणून सुरुवात तिथून. हुक पन्हळीच्या उंचवट्यावर, डांबरी वॉशरसह; खळग्यात भोक पाडलं तर तिथूनच गळतं.

प्लास्टिकच्या रिकाम्या टाक्या उडतात. भरलेली हजार लिटरची टाकी एक टन असते, तिला बांधायची गरज नाही. वादळाचा इशारा आला की टाक्या भरायच्या, हा नियम जिन्यात लावला. वीज गेल्यावर पंप बंद पडतो तेव्हाही हेच पाणी कामी येतं. कठड्यावरच्या कुंड्या जमिनीवर उतरवल्या.

५ मे. झाडं

गुलमोहर एक, सुबाभूळ दोन. फांदी छाटायलाही महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते, अर्ज एप्रिलमध्येच दिलेला होता. गुलमोहराच्या बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक घट्ट बसवलेले. एक मीटर परिघातले काढले. मुळं गुदमरली की झाड वरून हिरवं दिसतं आणि खालून कुजतं. बुंध्याजवळ अळंबी आणि एका बाजूला जमिनीला भेग, ही दोन लक्षणं दिसली तर छाटणीवर न थांबता तज्ज्ञाला दाखवायचं. छाटताना एकाच बाजूच्या फांद्या काढायच्या नाहीत, तोल जातो.

७ मे. मागची सीमाभिंत

२९ जून २०१९ ला कोंढव्यात एका सोसायटीची सीमाभिंत पलीकडच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जण दगावले. भिंतीमागची माती पाणी पिते, जड होते, आणि पाण्याला वाट नसेल तर त्याचाही दाब भिंतीवर येतो. आमच्या भिंतीच्या आतल्या बाजूला चार फूट भराव, आणि पाणी निघायची भोकं पूर्वीच्या गिलाव्यात बुजलेली. दर दीड मीटरवर ७५ मिमीचं भोक पाडून, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन पाइपचा तुकडा बसवला. भरावाच्या बाजूला खडीचा थर आणि जाळी, म्हणजे माती वाहून येणार नाही. भिंतीला पोट आलंय का हे ओळंब्याने तपासलं. आलेलं नाही. आलं असतं तर भोकं पाडून भागलं नसतं, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावं लागलं असतं. भिंतीलगत गाड्या लावणं आणि वाळू टाकणं बंद.

१० मे. खिडक्या

सरकत्या अॅल्युमिनियम खिडक्यांच्या खालच्या पट्टीत बाहेरच्या बाजूला छोटी भोकं असतात. त्यातून पाणी बाहेर जायचं असतं. रंगकाम करणारे ती बुजवतात आणि मग खिडकी गळते म्हणून आतून सिलिकॉन भरलं जातं. सिलिकॉन बाहेरून, चौकट आणि भिंत यांच्या फटीत. भोकं सुईने मोकळी. पश्चिम आणि नैर्ऋत्य बाजूच्या खिडक्या आधी, पावसाळी वारा तिथूनच येतो.

१३ मे. वीज

या यादीतलं सर्वांत महत्त्वाचं काम. २५ जुलै २०२४ ला पुलाची वाडी इथे साचलेल्या पाण्यात हातगाडी हलवताना तिघांचा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. गुडघाभर पाणी दिसताना साधं दिसतं, त्यात वायर पडलीय की नाही हे डोळ्यांना कळत नाही.

अर्थिंग आधी मोजलं. उन्हाळ्यात जमीन कोरडी असते, रोध सर्वांत जास्त येतो. मे महिन्यात ५ ओहमच्या आत असेल तर वर्षभर चिंता नाही. आमचं ११ आलं. जोडाचा नट गंजलेला होता. तो बदलून खड्ड्यात भरण मिश्रण घालून पाणी जिरवल्यावर ४ वर आलं.

प्रत्येक घराच्या डीबीमध्ये (वीज वाटपाच्या पेटीत) ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे की नाही ते बघितलं. पाच घरांत नव्हता, बसवला. एमसीबी (जादा भार आला की पडणारा स्विच) असला की सुरक्षित, असा गैरसमज फार आहे. एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. त्याचं चाचणीचं बटण दर महिन्याला दाबायचं. दाबून ट्रिप झाला नाही तर तो निकामी. बसवल्यावर एका घरात सारखा ट्रिप होत होता आणि काढून टाकायची मागणी आली. तपासल्यावर गीझरचं एलिमेंट फुटलेलं निघालं. ट्रिप होतो म्हणजे तो काम करतोय.

मीटरची खोली पार्किंगमध्ये, बोर्डाचा तळ जमिनीपासून दोन फुटांवर. सील असलेल्या मीटरना आपला वायरमन हात लावू शकत नाही, त्यासाठी महावितरणकडे अर्ज. तोपर्यंत सोसायटीचा मुख्य स्विच, पंपाचा स्टार्टर आणि पार्किंगमधले गाडी चार्जिंगचे पॉइंट साडेचार फुटांवर नेले. बाहेरच्या दिव्यांचे चिकटपट्टी गुंडाळलेले जोड तोडून आयपी ६५ दर्जाच्या (धूळ-पाणी न शिरणाऱ्या) पेटीत घेतले. वायर पेटीत खालून शिरते आणि शिरण्याआधी खाली झोका घेते, म्हणजे थेंब झोक्याच्या तळाशी गळून पडतात, वायरीवरून आत ओघळत नाहीत.

१६ मे. पाण्याच्या टाक्या

जमिनीखालच्या टाकीचं झाकण फरशीच्या पातळीत होतं. नऊ इंच वीटकाम करून तोंड उचललं, झाकणाखाली रबरी पट्टी. तिचा जादा पाण्याचा पाइप थेट गटाराच्या चेंबरमध्ये होता; गटार तुंबलं की उलट वाहणार. तो तोडून जमिनीच्या वर उघडा सोडला, तोंडाला जाळी.

पुराचं पाणी टाकीत गेलंच तर: पूर्ण उपसायची, घासायची, भरून हजार लिटरला १५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर टाकून बारा तास ठेवायची, मग ओतून देऊन पुन्हा भरायची. नंतर रोजच्या वापराच्या पाण्यात हजार लिटरला अडीच ग्रॅम आणि तासभर थांबायचं. हे प्रमाण ३३ टक्के क्लोरीन असलेल्या ताज्या पावडरचं आहे. मागच्या वर्षीचं उघडं पाकीट निम्म्याने मेलेलं असतं, म्हणून पावडर जूनमध्येच घ्यायची, हवाबंद डब्यात.

१९ मे. तळमजला: फळ्या, पोती, उलटं पाणी

दाराला अडवून धरायचं पाणी दीड फूट, त्याहून जास्त नाही. दीड फूट पाण्याचा दर मीटर रुंदीला १०० किलो जोर येतो. तीन फुटांना दुप्पट नाही, चौपट, म्हणजे ४०० किलो. त्याने फळी जाते किंवा पाठीमागची विटांची भिंत सरकते. दीड फुटाच्या वर गेलं तर पाणी आत येऊ द्यायचं आणि माणसांनी वर जायचं.

तिन्ही दारांना चौकटीच्या दोन्ही बाजूंना अॅल्युमिनियमचे यू चॅनेल. त्यात १९ मिमी मरीन प्लायची फळी, खाली आणि बाजूंना रबरी पट्टी. पहिल्या चाचणीत पाणी फळीखालून आलं, उंबऱ्याची फरशी खडबडीत होती. तिथे ग्रॅनाइटची सपाट पट्टी बसवल्यावर थांबलं. मागच्या गेटसाठी पोती: दोन तृतीयांशच भरायची, तोंड दुमडून खाली दाबायचं, विटांसारखी सांधा चुकवून रचायची, पाण्याच्या बाजूला प्लास्टिक कागद. गच्च भरलेली पोती गोल होतात आणि मधून पाणी जातं.

फळी कितीही घट्ट असली तरी ड्रेनेजमधून पाणी आलं तर सगळं फुकट. शेवटच्या चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी फक्त बाहेर जाऊ देणारा व्हॉल्व्ह, बसवला. त्याच्या झडपेत केस, चिंध्या अडकतात, महिन्यातून एकदा उघडून साफ करायचा. आणि झडप बंद असताना वरच्या नऊ घरांनी फ्लश केलं तर ते पाणी तळमजल्यावरच निघणार. नाल्याला पूर असताना वरच्यांनी पाणी वापरायचं नाही, हे सगळ्या घरांना तोंडी सांगितलं.

२२ मे. घरातला साठा

चार माणसांच्या घराला तीन दिवस: पिण्याचं पाणी माणशी दिवसाला ४ लिटर धरून ५० लिटर. इन्व्हर्टरची १५० अॅम्पिअर-तासाची बॅटरी कागदावर १,८०० वॉट-तास, हाताला लागतात ११०० च्या आसपास. साधा पंखा, तीन दिवे आणि राउटर मिळून ११५ वॉट, म्हणजे नऊ-दहा तास. पंखा बीएलडीसी (कमी विजेवर चालणारा) असेल तर पंधरा. तळमजल्यावरच्या बॅटऱ्या ओट्यावर चढवल्या.

गॅसचा सिलिंडर बांधून ठेवायचा. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये ३३ लिटरपेक्षा जास्त जागा असते आणि भरल्यावर वजन ३० किलोच्या आसपास, त्यामुळे रिकामाच काय, भरलेलाही तरंगतो आणि नळी तोडतो. रेग्युलेटर आधी काढायचा.

२७ मे. पहिला वळीव

पाऊण तास जोरदार. गच्चीखालचं छत कोरडं, एका जादा तोटीतून पाणी पडलं. वर जाऊन बघितलं तर घुमटाला गुलमोहराच्या पाकळ्यांचा लगदा. जाळी साफ करायची पाळी आता आठवड्याची, गुलमोहर फुललेला असेपर्यंत दर दोन दिवसांची. पहिल्या मजल्यावर एक खिडकी गळली, सज्जाच्या खालच्या कडेला खाच नसल्याने पाणी मागे भिंतीवर येतं. पावसाळ्यानंतर ती खाच करायची.

४ जून. पाणी आलं तर काय, कोणी, कधी

खडकवासल्याची साठवण दोन टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आत, वरची पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून चारही धरणांची सुमारे २९. वरून पाणी आलं की खडकवासल्याला ते धरून ठेवता येत नाही, विसर्गाचा आकडा काही तासांत झपाट्याने वाढतो. म्हणून आकडा किती यापेक्षा तो किती वेगाने चढतोय हे बघायचं. गेटच्या खांबावर फुटाफुटाच्या रेघा मारल्या. नाला नदीत जाऊ शकत नसेल तर विसर्ग कमी असतानाही आपल्याकडे पाणी चढतं, त्यामुळे जुन्या पुराच्या आकड्याशी तुलना करून निर्धास्त राहायचं नाही.

क्रम असा ठरला. विसर्ग वाढवल्याची सूचना आली की गाड्या टेकाडावरच्या गल्लीत, होर्डिंग आणि झाडांपासून लांब. नाल्याचं पाणी भिंतीच्या पायाला लागलं की फळ्या बसवायच्या, लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर नेऊन बंद, सिलिंडर बंद. पहिल्या रेघेला पाणी लागलं की पार्किंगचा मुख्य स्विच बंद, कोरड्या पायांनी, कोरड्या जागेवरून. स्विचपाशी पाणी पोहोचलं असेल तर हात लावायचा नाही, महावितरणला १९१२ वर कळवून बाहेरून पुरवठा तोडायला सांगायचं. तळमजल्यावरच्या आजी-आजोबांना दुसऱ्या रेघेची वाट न बघता वर न्यायचं. रात्री दहा ते सहा जागं राहायची पाळी दोन-दोन तासांची, नावं फलकावर.

पाणी ओसरल्यावर वीज लगेच सुरू करायची नाही. वायरमनने ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरीच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) तपासून एक मेगाओहमपेक्षा जास्त आलं तरच. बुडालेले प्लग-स्विच वाळवून वापरायचे नाहीत, बदलायचे. बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारायचा नाही, इंजिनाच्या सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

१३ जून. उरलेलं

मीटर उचलण्याचा अर्ज अजून प्रलंबित. मीटर खोलीच्या दाराला तोपर्यंत चौथी फळी, मापं सुताराला दिली. ब्लीचिंग पावडर दोन किलो आणली, डब्यावर तारीख टाकली. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची पहिली सफाई १९ जूनला. मागच्या भिंतीची सर्व भोकं वाहताहेत, उत्तरेकडची दोन सोडून. तिथली खडी पुन्हा भरावी लागेल, दोन दिवस उघडीप मिळाली की.